काल सकाळपासून काय खाल्लं?

माझ्या कामात लाजून चालत नाही. लहान मुलांच्या पोटाची डॉक्टर म्हटल्यावर दिवसाची सुरुवातच "शी कशी होते?" या प्रश्नानं होते. तो विचारला की समोरच्या आईबापांची नजर आधी दाराकडे जाते, बाहेर कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग बाप घसा खाकरतो आणि आई म्हणते, "तशी बरी आहे, पण जराशी तशीच आहे." ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत मला कधी सोसली नाही. तशी म्हणजे कशी, पिवळी की पांढरट, तरंगते की बुडते, असं मी धडाधड विचारत सुटते आणि बाहेर बसलेल्यांना सगळं ऐकू जातं. अलीकडे मोबाईलमुळे काम सोपं झालंय, आया फोटोच काढून आणतात. एकदा एका आजोबांनी नातवाचा वाढदिवसाचा फोटो दाखवायला कौतुकानं फोन पुढे केला, तर बोट घसरून भलताच फोटो समोर आला. ते जरा गडबडले आणि म्हणाले, "हाबी त्याचाच आहे." मी तो नीट पाहिला. मला वाढदिवसाच्या फोटोपेक्षा तोच जास्त उपयोगी होता.

मी अमरावतीची. राहते तिथेच, आणि मुलांची दुर्बिणीची तपासणीही तिथल्याच एका इस्पितळात करते. आठवड्यातले काही दिवस बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जाते, तिथे माझा लहानसा दवाखाना आहे. एवढं शिकून मोठ्या शहरात का गेला नाहीत, असं लोक विचारतात. इकडची पोरं काय पोटाविना जन्माला येतात, असं मी उलट विचारते. खरं सांगायचं तर मला हे बरं वाटतं. मूर्तिजापूर गेलं की डबा उघडायचा, अकोला आलं की उतरायचं, आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी ऐकायच्या.

कारण माझा दुसरा प्रश्न असतो, "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" याचं उत्तर ठरलेलं आहे. "काहीच खात नाही, मॅडम." मग मी त्या "काहीच"चा एकेक धागा ओढायला लागते आणि त्यातून चहात बुडवलेले टोस्ट निघतात, बिस्किटाचा पुडा निघतो, शाळेपुढचे पोंगे निघतात, वर दोन मोठे ग्लास दूध. चांदूर बाजारकडचा एक मुलगा पोट साफ होत नाही म्हणून आला होता. बापाचा भाजीचा मळा, पालक आणि मेथी रोज बाजारात जाणारी, आणि हे चिरंजीव दिवसभर दुधावर. पालकाची जुडी दाखवली तरी रडायचे. "गावाले पालक खाऊ घालता न घरात दुष्काळ?" असं मी त्या बापाला सुनावलं. दूध कमी केलं, थोडं औषध दिलं, जेवणानंतर रोज ठरल्या वेळी बसायची सवय लावली, आणि पोरगं मार्गी लागलं. आता ती मंडळी अकोल्याला आली की भाजीची पिशवी टेकवून जातात. मी नको म्हणते, आणि घेते.

माझा राग घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. मी ओरडते, मग मला बरं वाटतं, मग मी चहा मागवते. माझ्या दवाखान्यातल्या सिस्टर नव्या लोकांना आधीच सांगून ठेवतात, "मॅडम बोलतील, पण मनावर घेऊ नका." मी म्हणते, मनावर घ्याच, त्यासाठीच तर बोलते.

ती मुलगी आली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. पहिलीत जाणारी, पण दिसायला बालवाडीतली. हातपायांच्या काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. केस कोरडे, चेहरा पांढुरका, आणि स्वभाव असा चिडका की मी पोटाला हात लावण्याआधीच तिनं माझा हात झटकला. तिचं घर अकोल्याच्या जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या पलीकडचं. वडील बाहेरगावी शिक्षक, शनिवारी येणारे. एरवी घरात आई, ती आणि तिचे आबाजी, म्हणजे आजोबा; सून त्यांना मामाजी म्हणते. आबाजी पूजा सांगणारे गुरुजी. अर्ध्या अकोल्याच्या वास्तुशांती आणि सत्यनारायण त्यांच्याच हातचे.

"लय दाखवलं मॅडम," आई म्हणाली. "जंताचं औषध झालं, रक्ताचं टॉनिक झालं. कोणी म्हणे नजर आहे, तर थेबी उतरवून पाह्यली. पण पोट काही बसत नाही न अंगाले काही लागत नाही. घासभर खाते, अजून घे म्हटलं की उठून जाते."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं टॉनिक चाललेलं, पण ते आत मुरतच का नाही हे कोणी पाहिलेलं नव्हतं. मी नेहमीचं सगळं विचारलं. मग असल्या मुलांच्या आईला मी एक प्रश्न हमखास विचारते, तो विचारला. "कधी बरी असते का?"

आईनं जरा विचार केला. "नवरात्रात," ती म्हणाली. "मामाजी अन् मी नऊ दिवस उपास करतो. मंग हीबी हट्ट करते, मलेबी उपास. आमी म्हणतो, कर बापा. तर थ्या दिवसात हिचं पोट कसं शांत असते. मामाजी म्हणतात, देवीची कृपा आहे."

"उपासाला काय खाते?"

"उपासाचंच. साबुदाणा, भगर, बटाटा, शिंगाड्याचं थालीपीठ, राजगिऱ्याचा लाडू."

"आणि दसऱ्याला?"

"दसऱ्याले पुरणपोळी. न दोन-चार दिवसात पुन्हा तसंच."

मी पेन खाली ठेवलं. साबुदाणा, भगर, शिंगाडा, राजगिरा. त्यात गव्हाचा एक कण नव्हता. माझ्या कामात असा क्षण रोज येत नाही. आला की मला लहान मुलासारखा आनंद होतो, आणि समोर आजारी मूल बसलेलं असताना आनंद दाखवायचा कसा हा प्रश्न पडतो. मी तो दाबला आणि म्हणाले, "देवीची कृपा आहेच हो. पण तिनं ती साबुदाण्यातून केली."

गव्हात ग्लुटेन नावाचं एक प्रथिन असतं. तुम्हाआम्हाला ते पचतं, पण काही मुलांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि भांडणात स्वतःचंच आतडं खरवडून टाकतं. आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखं अस्तर असतं, बारीक बारीक लोकरीचं. अन्न टिपून घ्यायचं काम त्या लोकरीचं. ती झिजून गुळगुळीत झाली की कितीही खाऊ घाला, सगळं घसरून खाली जातं. या दुखण्याला सीलिअॅक म्हणतात. त्याला औषध एकच, गहू बंद. जन्मभर, आणि कणभरही नाही.

हे सगळं ऐकून आई उठलीच. आजपासूनच पोळी बंद करते म्हणाली. मी ओरडले, "खबरदार! तपासणी होईस्तोवर रोज पोळी खाऊ घालायची." चोर पकडायचा तर तो घरात असतानाच पकडावा लागतो. आधीच गहू थांबवला तर रक्त आणि आतडं दोन्ही हळूहळू साळसूद होतात आणि मग काहीच सापडत नाही. ज्या पोळीनं मुलगी दुखते तीच पोळी डॉक्टर खायला लावते आहे, हे त्या बाईनं कसं गिळलं असेल कोण जाणे. पण तिनं ऐकलं.

रक्तात माझा संशय खरा निघाला. दुर्बिणीच्या तपासणीसाठी त्यांना अमरावतीला बोलावलं, तेव्हा आबाजींना मी पहिल्यांदा पाहिलं. शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, उंच आणि ताठ. नात आत जाण्याआधी त्यांनी तिच्या कपाळाला अंगारा लावला. सिस्टर पुसायला निघाल्या तर मी म्हटलं, राहू द्या, अंगाऱ्यात गहू नसतो. तपासणी होईपर्यंत ते बाहेरच्या बाकावर डोळे मिटून जप करत बसले होते. आतड्याच्या अस्तराचा तुकडा तपासून आला, त्यातही तेच निघालं. मी त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं म्हातारा वाद घालेल. ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हिच्यासाठी गहू बंद, तर घरातच गहू बंद. ही भाकर खाईन न मी तिच्यासमोर पोळी खाऊ काय?"

मला तो माणूस तिथेच आवडला. मी म्हटलं, गुरुजी, आपण वऱ्हाडात आहोत, आपल्याला कसली काळजी. ज्वारी आहे, तांदूळ आहे, तूरडाळ आहे. आपल्या आज्यापणज्यांनी गव्हाची पोळी सणालाच पाहिली असेल. ते हसले. मुलगीही हसली, आबाजी हसले म्हणून.

थंडी सरेपर्यंत पोट उतरलं. वजनाचा काटा कित्येक महिन्यांनी सरकला आणि गालांवर जरा रंग दिसायला लागला. मला वाटलं, चला, हे घर मार्गाला लागलं. पण उन्हाळ्यात काटा रेंगाळला, आणि पावसाळा लागता लागता ती आली तेव्हा पोट पुन्हा फुगलेलं होतं. पुन्हा तोच पांढुरका चेहरा. पुन्हा माझा हात झटकला.

"गहू गेला कुठून पोटात?" मी आईला विचारलं.

"नाही हो मॅडम. देवाची शप्पथ."

ती खोटं बोलणारी बाई नव्हती. तिनं तर शाळेत जाऊन बाईंना सांगून ठेवलं होतं की वाढदिवसाचा केक पोरीच्या हातात द्यायचा नाही. मी गिरणीवर संशय घेतला, कारण गिरणीत आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो आणि त्याचं पीठ ज्वारीत उतरतं. तर त्यांनी घरघंटी घेतली. मी हिंगावर संशय घेतला, कारण बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तर तिनं हिंगच टाकायचा बंद केला. तरी काटा जिथल्या तिथे. रक्त पुन्हा तपासलं तर गव्हाशी भांडण जोरात चालू होतं. रक्त खोटं बोलत नाही, आणि आईही बोलत नव्हती. मला राग यायचा तो कोणावर काढावा तेच कळेना.

अशा वेळी मी एक करते. सरळ घरी जाते आणि स्वयंपाकघर पाहते. श्रावणातल्या एका संध्याकाळी दवाखाना आटोपून मी ऑटोनं मोर्णेचा पूल ओलांडला आणि जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीत शिरले. आईला आधी सांगितलं नव्हतं. ती दचकली, मग पोहे टाकते म्हणाली. मी म्हटलं टाक, पोह्यात काही पाप नाही. तोवर मी एकेक डबा उघडून पाहिला. ज्वारी, तांदूळ, बेसन, साबुदाणा. मसाले घरी कुटलेले. घरघंटीला शिवलेली कापडी खोळ. इतकं चोख स्वयंपाकघर मी पाहिलेलं नव्हतं. मला अगदी हरल्यासारखं झालं आणि मी पोहे खात बसले.

तेवढ्यात दार वाजलं आणि मुलगी हातातलं टाकून पळाली. आबाजी आले होते. श्रावण म्हणजे त्यांचा हंगाम, रोज कुठे ना कुठे सत्यनारायण. हातात पितळेचा छोटा डबा. तिनं मोरीत जाऊन हात धुतले, उजवा हात डाव्यावर ठेवला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. आबाजींनी डबा उघडला, चिमूटभर काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे सगळं इतकं सरावाचं होतं की दोघांनाही पाहावं लागत नव्हतं. आणि बाजूला आई उभी होती, केकच्या तुकड्यासाठी शाळा गाठणारी, ती शांतपणे पाहत होती.

"हे काय दिलं?" माझा आवाज चढला.

"प्रसाद आहे," आबाजी म्हणाले.

"कशाचा?"

"शिऱ्याचा. सत्यनारायणाचा."

"न रवा कशाचा असते, गुरुजी?"

आई हळूच म्हणाली, "पण मॅडम, थो प्रसाद आहे. खाणं थोडंच आहे? उपासालेबी चालते न थो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दर महिन्याला विचारत होते, काल सकाळपासून काय खाल्लं, आणि ती बाई मला प्रामाणिकपणे सगळं सांगत होती. त्या घरात प्रसाद खाण्यात धरतच नाहीत. एकादशीला पाण्याशिवाय काही न घेणारा माणूससुद्धा प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकतो आणि त्याचा उपास मोडत नाही. जे उपासात धरत नाहीत ते पथ्यात कसं धरायचं? आणि नवरात्रात पोट शांत का, तेही आता पुरतं कळलं. त्या दिवसांत आबाजी घरी पाठाला बसतात, सत्यनारायणाला कुठे जात नाहीत, डबा येत नाही. हिवाळ्यात तो क्वचित यायचा, उन्हाळ्यापासून वाढला.

मी बोलले. त्या घरात कोणी एवढं बोललं नसेल. "गुरुजी, देवाले प्रसाद न पोळीतला फरक कळत असेल. हिच्या आतड्याले कळत नाही. त्याले गहू ओळखता येते फक्त. तुमी रोज चिमूट चिमूट करून हिचं पोट खरवडून राहिले."

ते ताठ उभे राहिले. "प्रसादानं कोणाचं वाईट होत नाही," म्हणाले. "उभा जन्म मी लोकाईले प्रसाद देल्ला. प्रसादाले नाही म्हणणं पाप आहे, अन् थे पाप मी माह्या नातीले शिकवू?"

"मग पोरगी हवी की पुण्य, ते ठरवा," मी म्हणाले आणि चप्पल घातली. मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा डब्याकडे पाहत होती. तिला वाटलं असणार, मी तिच्या आबाजींना रागावले ते तिच्यामुळे. परतीच्या गाडीत मी मूर्तिजापूरपर्यंत धुमसत होते. बोलले त्याचा मला पस्तावा नव्हता, आजही नाही. पण त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

पुढच्या खेपेला आई आली तेव्हा मुलीचं पोट उतरलं होतं. डबा बंद झाला होता. मी खूश झाले, पण आई खूश नव्हती.

"मामाजी आता मागच्या दारानं येतात," ती म्हणाली. "डबा तिकडेच कोणाले देऊन टाकतात. हिच्या हातावर काहीच ठेवत नाहीत, साधा फुटाणाबी नाही. म्हणतात, माह्या हाताले आता भेव वाटते. न ही संध्याकाळी हात धुवून दारात उभी राहते. थे दिसले नाही की जेवत नाही. मॅडम, पोट बरं झालं, पण घर कसं मुकं झालं पाहा."

मुलगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. मी तिला विचारलं, "काल सकाळपासून काय खाल्लं?" तिनं भाकर, वरण, भात असं सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "प्रसाद नाही खाल्ला." आणि खाली पाहायला लागली.

माझ्याजवळ या दुखण्याचं औषध नव्हतं. दुसरं काहीतरी द्या, केळं द्या, बत्तासा द्या, असं मी आईला सुचवलं. तिनं ते आधीच सुचवून पाहिलं होतं. आबाजींचं म्हणणं, जे देवापुढे ठेवलंच नाही ते प्रसाद म्हणून देणं म्हणजे पोरीला फसवणं. त्यांचं मला पटलं, त्यामुळे आणखीच चिडचिड झाली. मुलीला पोट पाहिजे होतं आणि आबाजीही पाहिजे होते, आणि मी तिला एकच देऊ शकले होते.

गणपतीचे दिवस सरता सरता एका दुपारी आबाजी एकटेच दवाखान्यात आले. नंबर लावून बसले, लहान पोरांच्या रांगेत, उपरणं मांडीवर घडी करून. सिस्टरनी आत सोडायची घाई केली तर नको म्हणाले. आत आल्यावर उपरणं खांद्यावर टाकून समोरच्या खुर्चीत टेकले. 

"डॉक्टरीणबाई, तांदूळ चालते न तिले?"

"चालतो की. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"कसाबी? कुंकू लावलेला?"

"कुंकवात काय भेसळ असेल ते देव जाणे, पण तांदूळ चालतो. का?"

ते पुढे सरकले. "काल मी एका घरी पूजा सांगत होतो. वस्त्र वाहायची वेळ आली. यजमानाजवळ वस्त्र नव्हतं. मी म्हणलं, अक्षता वाहा. मंग दागिना नव्हता. म्हणलं, अक्षता वाहा. उभा जन्म हेच सांगून राहिलो, की जे नसलं त्याच्या जागी तांदूळ. देव घेते. कधी नाही म्हणला नाही. अन् मंग माह्या हातचं ताम्हनच थांबलं. म्हणलं, अरे बाप्पा, आपल्या घरात गहू नाही. नसला तर त्याच्या जागी काय ठेवाचं, थे आपणच लोकाईले शिकवतो."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि मी ते लपवलं नाही. "गुरुजी," मी म्हणाले, "हे श्रावणात काहून नाही सुचलं?"

"श्रावणात तुमी लय जोरात बोलल्या," ते म्हणाले. "त्या आवाजात सुचत नाही."

तेव्हापासून आबाजी पूजेला निघाले की झोळीत एक पुडी असते, सुनेनं घरघंटीत काढलेल्या तांदळाच्या रव्याची. यजमानिणीला ते सांगतात, रवा माझा, तूप-साखर तुमची, आणि कढई घासून घ्या बाई. काही घरी कुरकुर झाली. गुरुजींनी हे काय नवीन काढलं, असं बायका म्हणाल्या. ज्यांना गव्हाचाच पाहिजे त्यांच्याकडे गव्हाचा होतो, आबाजी तिथे कपाळाला लावून पुढच्या माणसाला देतात आणि त्या दिवशी डबा रिकामा आणतात. रिकामा डबा म्हणजे आज नाही, हे आता मुलीला कळतं. ती तो उघडून पाहते, हुंगते आणि परत देते. जेवायला मात्र बसते.

मार्गशीर्षात अमरावतीच्या इस्पितळात आमची दुर्बिणीची खोली नवी झाली. नव्या यंत्राची पूजा करावी असं सगळ्यांनी ठरवलं. माझा पूजेपेक्षा यंत्रावर विश्वास जास्त, पण मी म्हटलं, करायचीच तर गुरुजी मी सांगेन ते. ते सकाळच्या गाडीनं आले, सोबत सून आणि नात. मुलगी उंच झाली होती. फ्रॉक आता तिच्या अंगावर अडकवल्यासारखा दिसत नव्हता. मी तिच्या पोटाला सवयीनं हात लावला तर तिनं झटकला नाही, "आता दुखत नाही" म्हणाली, जरा उपकार केल्यासारखी.

पूजा त्याच खोलीत झाली, जिथे तिला झोपवून आम्ही चोर पकडला होता. यंत्राला हार घातला. माझे सहकारी डॉक्टर मांडी घालून अवघडून बसले होते, आणि मी यजमानीण म्हणून पुढे. आबाजींचा आवाज खणखणीत. वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि, अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि. मी मुकाट अक्षता वाहत होते. मग नैवेद्याची वाटी पुढे सरकवताना ते क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच सुरात म्हणाले, "गोधूमार्थे अक्षतां समर्पयामि." गोधूम म्हणजे गहू. हे असं कुठे म्हणतात की नाही मला माहीत नाही. मी अक्षता वाहिल्या. बाजूला बसलेल्या सुनेनं पदर डोळ्यांना लावला.

आरती झाली. प्रसादाला सगळे उभे राहिले, पण मुलगी आधीच हात धुवून, उजवा हात डाव्यावर ठेवून सगळ्यांच्या पुढे उभी होती. आबाजींनी पातेल्यातून शिरा काढला. माझ्या डोळ्यांपुढे ती श्रावणातली चिमूट होती, पण त्यांनी चिमूट घेतली नाही. मोठी पळी भरून तिच्या ओंजळीत शिरा ठेवला, केळ्याचे तुकडे आणि बेदाणे घातलेला, तूप सुटलेला. तिनं कपाळाला लावला आणि खाल्ला. बोटं चाटली. मग ज्या मुलीची आई मला म्हणाली होती की घासभर खाऊन उठून जाते, तिनं दोन्ही हात पुन्हा पुढे केले.

"आबाजी, अजून."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्यांनी दुसरी पळी भरली.